डब्यावर आलेलं पाणी

मोठे भाऊजी माझ्या चहाला दहापैकी साडेसात गुण देत. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हाही साडेसात, आणि पुढे इतकी वर्षं करून हात बसला तेव्हाही साडेसातच. एकदा चिडून मी विचारलं, "अहो, उरलेले अडीच जातात कुठे?"

"एक साखरेचा गेला, एक कपाच्या बाहेर आलेल्या ओघळाचा," ते शांतपणे म्हणाले. "अर्धा मी मुद्दाम राखून ठेवतो. पूर्ण गुण दिले की माणूस बघायचं सोडून देतो."

माझी थोरली जाऊ ओट्यापाशी उभी होती. तिनं मान न वळवता शेरा मारला, "आमचा तर लग्नाला इतकी वर्षं होऊनही निकालच लागला नाही."

गुण देणं हा भाऊजींचा धंदाच होता. एका मालवाहू जहाजांच्या कंपनीत ते जहाजांना गुण देत. ही खोकी वाहणारी जहाजं नव्हेत. कोळसा, धान्य, खत, खनिज, असं जे जे सुटं ओतता येतं ते नेणारी. या जहाजांच्या पोटात आमच्या इमारतीएवढे खोल हौद असतात. माल वरून ओततात, झाकणं लावतात आणि निघतात. तरुणपणी भाऊजी स्वतः अशा जहाजांवर अधिकारी होते. मग पाठीचा मणका सरकला, शिड्या चढणं संपलं, आणि कंपनीनं त्यांना किनाऱ्यावरच्या कचेरीत एक टेबल दिलं. टेबलाला खिडकी होती, पण खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची. "घ्या समाधान करून," असं जाऊबाई म्हणायच्या, "पाणीच आहे ना."

ते कचेरीत गेले तेव्हा चांगलं जहाज कोणतं हे कॅप्टनच्या तोंडाकडे बघून ठरायचं. जो साहेबांना भेटायला येताना हसतमुख, त्याचं जहाज उत्तम. भाऊजींनी हे मोडून काढलं. वर्षभर खपून त्यांनी मोजमाप बसवलं: कुणाला इजा झाली का, तेल सांडलं का, बंदरावरच्या तपासणीत किती उणिवा निघाल्या, हौद किती स्वच्छ, माल वेळेवर पोचला का. त्यातून जहाज हिरवं, पिवळं किंवा लाल ठरायचं. जहाजावरची माणसं त्यांना पाठीमागे 'मार्कमास्तर' म्हणत आणि पुढ्यात 'सर'. दोन्ही त्यांना आवडायचं.

त्या कामातल्या गमती ते जेवताना सांगत. अपघात होता होता टळला तर तोही जहाजानं कळवायचा असा नियम होता, म्हणजे बाकीचे सावध होतात. पण काही कळवलंच नाही तर जहाज झोपलंय असा संशय यायचा, म्हणून काहीजण दर महिन्याला काहीतरी रचून पाठवत. एका जहाजाचा स्वयंपाकी तर ओल्या फरशीवर वर्षभर घसरत होता. "पडत मात्र नाही हो," भाऊजी डोळे पुसत सांगायचे. "काय तोल असेल गड्याचा! सर्कशीत पाठवायला हवा."

आणि थांबण्याचा नियम. तो त्यांचा सगळ्यांत लाडका. पूर्वी कॅप्टन काहीही कारण काढून माल भरणं थांबवत. आज आभाळ बरं दिसत नाही, आज वारा आहे. खरं कारण असायचं, मंडळींना गावात जाऊन खरेदी करायची आहे. भाऊजींनी एक ओळ घातली: कागदाचा आधार नसताना भरणं थांबवलं तर जहाजाचे गुण कापले जातील. "एका ओळीत सगळ्यांची खरेदी बंद," असं ते अभिमानानं सांगत. आम्ही हसायचो. हसण्यासारखंच होतं ते.

जावईही त्यांनी जहाजावरच हेरला. एका तपासणीच्या वेळी हौद स्वच्छ आहे का हे बघायचं होतं आणि भाऊजींना पाठीमुळे खाली उतरता येईना. तिथला तरुण अधिकारी स्वतः शिडीनं तळापर्यंत गेला, कोपऱ्यात बोट फिरवून वर आला आणि ते बोट त्यानं भाऊजींच्या नाकासमोर धरलं. बोट काळंकुट्ट होतं. "स्वतःच्या जहाजाचे दोन गुण घालवले हो त्यानं!" भाऊजी घरी येऊन असं सांगत होते, जणू नाटक बघून आलेत. पुढच्या सुट्टीत तो मुलगा घरी आला, मग पुन्हा आला, मग भाऊजींसाठी यायचं कारणही त्याला पुरेना. त्यांच्या लेकीला घरात सगळे खारू म्हणत, कारण लहानपणी ती खाऊ उशीच्या अभ्र्यात लपवायची. आता ती शाळेत विज्ञान शिकवत होती. नवरा समुद्रावर गेला की ती माहेरी राहायला यायची.

लग्न ठरलं तेव्हा खारूनं वडिलांना विचारलं होतं, "बाबा, जहाजावर सगळ्यात वाईट काय? आग ना?"

भाऊजी चपला घालून निघाले. खाली कोपऱ्यावर एक बांधकाम चाललं होतं, तिथून पिशवीभर वाळू आणली, जाऊबाईंचा साखरेचा लहान डबा रिकामा केला, वाळू जराशी ओली करून त्यात अर्ध्यापर्यंत भरली. "हात लाव." वाळू कोरडीच लागत होती, मूठ करून सोडली तर भुरभुर सुटत होती. मग त्यांनी डबा टेबलावर आपटायला सुरुवात केली. एका लयीत, एकाच उंचीवरून.

"अहो, टेबल! आणि डबा माझा आहे!" जाऊबाई आतून ओरडल्या.

काही वेळानं ते थांबले. वाळूवर पाणी चकाकत होतं. मघाशी ढीग होता तिथं आता सपाट लगदा होता आणि डबा कलता केला की एका बाजूला वाहत होता.

"खनिज असंच असतं," भाऊजी म्हणाले. "भरताना कोरडं दिसतं. समुद्र डबा आपटतो. मग हौदातला सगळा माल पातळ होऊन एका अंगाला जातो, आणि परत येत नाही. आग दिसते तरी. हे दिसतच नाही."

खारूनं डबा हातात घेऊन बराच वेळ हलवून पाहिला. जाऊबाईंनी नवा डबा आणायला लावला.

पुढे दोनेक वर्षांनी रविवारी सकाळी मी पडदे काढू लागायला वर, भाऊजींच्या मजल्यावर, गेले होते. जावयाचा फोन आला. तो तेव्हा चीफ ऑफिसर झाला होता, म्हणजे माल भरून घेण्याची जबाबदारी त्याची. खारूनं सवयीनं फोन टेबलावर ठेवून आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"बाबा आहेत का? बाबा, डबा आपटला."

भाऊजींनी कप खाली ठेवला. "मग?"

"पाणी आलं. तीन ढिगांतून घेतलं, तिन्हींना आलं."

"ओलाव्याचा कागद काय म्हणतो?"

"कागद कोरडा आहे. नमुना पावसाच्या आधी घेतलाय. त्यानंतर माल उघड्यावर भिजतोय. ताडपत्री घातली होती म्हणतात. मला काही ती ताडपत्री भेटली नाही."

"पुन्हा तपासायला पाठव."

"प्रयोगशाळा लांबच्या शहरात आहे. निकाल येईपर्यंत भरणं थांबवावं लागेल. मी कॅप्टनना म्हणालो थांबू या." तो घुटमळला. "ते म्हणाले, मार्कमास्तर तुझाच सासरा ना? मग त्यालाच विचार, कागद नसताना थांबलो तर गुण कापतो की नाही."

माझ्या हातात पडद्याच्या कड्या होत्या, त्या तेवढ्या वाजल्या.

"कापू देत ना!" खारू फोनवर ओरडली. "गुणांचं काय लोणचं घालायचंय?"

"खारू, जहाज यंदा पहिलं आहे. कॅप्टनना यावरच पुढचं जहाज मिळणार. आणि ते काही वाईट माणूस नाहीत. त्यांना खरंच वाटतं, कागद आहे म्हणजे आहे."

"तू हो म्हणू नकोस," भाऊजी म्हणाले. "मी उद्या बोलतो. उद्यापर्यंत लांबव."

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या आधीच निघाले. पाठीचा पट्टा घरीच विसरले, म्हणून जाऊबाईंनी तो घेऊन माझ्या नवऱ्याला मागे पळवलं. भाऊजी दुपारीच परत आले. कचेरी सोडून दुपारी घरी आलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. मी चहा टाकला. त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, जसं तपासणीचं सांगत तसं, पायरीपायरीनं.

कचेरीत नव्या मुख्य अधिकारी बाई होत्या. त्यांनी भाऊजींचं सगळं ऐकून घेतलं, त्यांच्यासमोरच जहाजावर फोन लावला. कॅप्टननी सांगितलं, प्रमाणपत्र आहे, माल डोळ्यांना कोरडा दिसतोय, अडचण काही नाही.

"बाईंनी फोन ठेवला," भाऊजी म्हणाले, "आणि मला विचारलं, सर, कॅप्टन अडचण नाही म्हणतात, प्रमाणपत्र अडचण नाही म्हणतं. मग अडचण आहे असं म्हणतंय कोण? मी म्हटलं, डबा. त्या हसल्या नाहीत हं. चांगल्या आहेत बाई. पण डबा कुठे लिहायचा, ते त्यांना सापडेना. मलाही सापडेना. तशी जागाच ठेवली नाही मी."

"मग ती ओळ खोडायची," जाऊबाई म्हणाल्या. "तुमचीच आहे ना ओळ?"

"म्हटलं ना मी! खोडतो म्हटलं. तर म्हणाल्या, वर्षाच्या मध्येच मोजमाप बदललं तर बाकीची जहाजं काय म्हणतील? तेही तुमच्या जावयाच्या जहाजासाठी? तोंड बघून गुण देणं तुम्हीच बंद केलंत ना, सर."

त्यांनी कप बाजूला सारला.

"मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो," ते म्हणाले. "याच शब्दांत."

संध्याकाळी जावयाचा फोन आला. भरणं थांबलंच नव्हतं. तो बाजूला उभा राहून डबे आपटत होता आणि पट्ट्यावरून माल हौदात पडत होता. खारूनं त्याला जहाजावरून उतरून ये म्हटलं. आधी रागावून, मग नुसतंच, "ये ना रे."

"मी उतरलो तर माझ्या जागी दुसरा येईल गं," तो म्हणाला. "माल तोच राहील. आणि खाली माझी वीस माणसं आहेत. त्यांना काय सांगून उतरू?"

जहाज निघालं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही, मी आपली खाली-वर करत होते. कंपनीच्या संगणकावर जहाजाचा ठिपका दिसायचा आणि भाऊजी घरूनही तो उघडून बसत. ठिपका हिरवा होता. हिरवा, कारण वेळेवर होता. जाऊबाई त्या खोलीत पाऊल टाकत नसत. पण मी जिन्यात भेटले की विचारत, "काय गं, हलतोय का तो?" मी हो म्हणायची. बघून आले असले काय, नसले काय. खारू शाळेत जात होती. मुलांना शिकवताना तिचा आवाज नेहमीसारखाच असतो असं तिची सोबतीण म्हणाली. घरी आली की मात्र ती डबे बघायची. स्वयंपाकघरातला कुठलाही डबा फळीवर जरा जोरात ठेवला की तिची मान वळायची. जाऊबाई हळूहळू सगळं मांजराच्या पावलानं ठेवायला शिकल्या.

आठवडाभरानं जावयाचा दोन ओळींचा संदेश आला. समुद्र खवळलाय. जहाज डाव्या अंगाला थोडं कललंय, सरळ होत नाहीये. उजवीकडच्या टाक्यांत पाणी घेऊन तोल धरतोय. काळजी करू नका.

खारूनं तो वाचून दाखवला आणि फोन वडिलांच्या पुढे ठेवला. "बाबा, किती कललं की परत येत नाही?"

भाऊजींना ते माहीत होतं. समुद्रावर असलेल्या कुणालाही, निदान अंदाजानं, माहीत असतं. मी त्यांच्याकडे बघत होते. जन्मभर हा माणूस कपाच्या ओघळालाही आकडा लावत आला होता.

"तसा आकडा नसतो," ते म्हणाले.

"असतो," खारू म्हणाली. "मी विज्ञान शिकवते, बाबा."

ते उठून खिडकीशी गेले. पाठीवर हात ठेवून उभे राहिले. जाऊबाई इतक्या दिवसांनी त्या खोलीत आल्या, खुर्ची ओढून संगणकासमोर बसल्या आणि ठिपक्याकडे बघत म्हणाल्या, "मला दाखवा, आपला कुठला तो."

जहाज पोचलं. कॅप्टननी वाट थोडी बदलून एका बेटाच्या आडोशाला घेतलं, तिथं वारा पडला, तोल धरून धरून ते पुढे गेलं आणि एके दिवशी धक्क्याला लागलं. हौद उघडले तेव्हा वरचा माल तळ्यासारखा झाला होता म्हणे. वाट बदलली त्याचं कारण 'खराब हवामान' असं लिहिलं गेलं. ते खोटंही नव्हतं. हवामानाला कागद असतो, त्यामुळे तो उशीर माफ झाला. इजा नाही. तेल सांडलं नाही. उणीव नाही. जहाज वर्षात पहिलं आलं.

जावई सुट्टीवर घरी आला त्या दिवशी आम्ही सगळे वर जेवलो. तो वाळला होता, पण हसत होता, आणि खारू त्याच्या ताटात वाढायची थांबत नव्हती. जेवणं झाल्यावर भाऊजी म्हणाले, "तेवढं कळवून टाक. टळलेला प्रसंग म्हणून. जहाजाकडूनच यावं लागतं ते, माझ्याकडून चालत नाही. तोही नियम माझाच."

जावई पाण्याचा पेला फिरवत राहिला. "बाबा, झालं ना आता. पोचलो ना आम्ही."

"म्हणूनच तर टळलेला. बुडला असतास तर मला कुणी कळवायची गरज नव्हती."

"अहो!" जाऊबाई म्हणाल्या.

"कॅप्टनची सही लागते," जावई हळूच म्हणाला. "ते देणार नाहीत. मी एकट्यानं पाठवलं तर म्हणतील, सासऱ्याला खूश करायला लिहिलं. त्यांनीच तर आडोशाला नेऊन वाचवलं आम्हाला, बाबा. त्यांच्याविरुद्ध कसं लिहू? पुढच्या वर्षी मला स्वतःला कॅप्टनची परीक्षा आहे. त्यांचंच शिफारसपत्र आहे."

"एकदा तू मला काळं बोट दाखवलं होतंस."

जावयाची मान खाली गेली. उत्तर खारूनं दिलं. "बाबा, तेव्हा तो एकटा होता." तिचा आवाज चढला नव्हता. "आणि तुम्हाला काय हवंय? त्यानं उठून तुमच्याच मोजमापाशी भांडायचं? तुम्हाला तरी जमलं का?"

खरं सांगायचं तर त्या टेबलावरचं एकही माणूस चुकीचं बोलत नव्हतं, आणि त्यामुळेच कुणाला उठता येईना. शेवटी मी भांडी गोळा करायला घेतली.

ते तरीही बाईंकडे जाऊन आले. बाईंनी पुन्हा फोन लावला, पुन्हा विचारलं. कॅप्टन म्हणाले, किरकोळ कल होता, नेहमीचाच. बाईंनी भाऊजींची ओळ पुढच्या वर्षीच्या बैठकीत मांडायचं कबूल केलं. जहाजाला काचेचं सन्मानचिन्ह मिळालं. त्याचं एक लहान भावंड मोजमाप बसवणाऱ्या भाऊजींनाही दिलं. ते घरी आणलं खरं, पण कुठे ठेवायचं ते ठरेना. सध्या ते चपलांच्या कपाटावर आहे, त्यावर किल्ल्या ठेवतात.

चहाला गुण देणं त्यांनी तेव्हापासून बंद केलं. पहिले काही दिवस मी कप देऊन उगाच उभी राहायची. मग मीही उभी राहायची सोडली.

परवा, रविवारी दुपारी, मी वर होते. जाऊबाईंना डोळ्यांत थेंब घालून देत होते. भाऊजींचा फोन वाजला. त्यांना आता कमी ऐकू येतं, म्हणून ते आवाज मोठा ठेवतात. कंपनीच्याच दुसऱ्या जहाजावरचा अधिकारी होता, आवाज अगदी कोवळा. त्यांचं जहाज त्याच बंदरात, त्याच धक्क्याला लागलं होतं. तोच माल.

"सर, तुमचा नंबर एका सीनियरनं दिला. एकच विचारायचं होतं. माझ्या आधी इथून आपलं जहाज गेलं, ते पहिलं आलं ना यंदा? त्याची नोंद बघितली मी. अगदी स्वच्छ आहे. म्हणजे इथला माल ठीकच असतो ना, सर?"

जाऊबाईंनी एक डोळा मिटलेलाच ठेवून माझा हात घट्ट धरला.

"डबा आपटलास का?" भाऊजींनी विचारलं.

"आपटला, सर."

"मग?"

"पाणी आलं. पण कागद कोरडा आहे."

भाऊजी खुर्चीत सरळ बसले. मग अगदी सावकाश, एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं, त्यांनी सांगितलं, की ते जहाज कललं होतं, मी सांगतोय म्हणून ऐक, नोंदीत नाही पण कललं होतं, हौदात तळं झालं होतं.

पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. मागे कुठंतरी पट्ट्यावरून काहीतरी घरघरत पडत होतं.

"बरं, सर," तो पोरगा म्हणाला. "मग मी आता कॅप्टनना काय सांगून थांबवू?"

भाऊजींनी तोंड उघडलं. फोन कानापासून जरा लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"सर? ऐकू येतंय का, सर?"

"येतंय," भाऊजी म्हणाले. "येतंय रे बाळा." आणि पुढे त्यांना काही सांगता येईना.